जिरेनियम, पुदिना, रोजमेरी: कटिंग लावताना आधी पाण्याचा हात आवरा

पहिल्यांदा वासाच्या जिरेनियमच्या कटिंग, म्हणजे नवीन रोप करायला कापलेल्या काड्या, लावल्या तेव्हा बारा लावल्या आणि बाराच्या बारा सडल्या. जून महिना होता, बाहेर भुरभुर पाऊस, मला वाटलं आपल्याकडे पावसाळ्यात नुसती काठी रोवली तरी पालवी फुटते मग हे का नाही येणार, म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चिंब भिजवलं, काड्या खोचल्या, पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून वर टोप्या घातल्या आणि रोज सकाळी कौतुकाने बघत बसले. सहाव्या दिवशी बुडं काळी पडली, दहाव्या दिवशी सगळं कचऱ्यात. आणि त्याच आठवड्यात पुदिन्याच्या जुडीतल्या उरलेल्या चार काड्या सिंकजवळच्या ग्लासात विसरल्या होत्या, त्यांना मात्र ही पांढरी दाढीसारखी मुळं!

तर सगळ्या कटिंगला एकच नियम लावला की असं होतं. कुणाला पाणी हवं, कुणाला पाणी म्हणजे विष, आणि नवीन माणूस कटिंग मारतो ती बहुतेक वेळा कोरडी ठेवून नाही, लाड करून मारतो. खाली जे सांगतेय ते पुण्यातल्या पूर्वेकडच्या गॅलरीचं आहे. तुम्ही मुंबईत किंवा कोकणात असाल तर दमटपणा धरून पाणी अजून कमी करा, विदर्भात असाल तर उन्हाळ्यात या भानगडीत पडूच नका.

आधी जिरेनियम म्हणजे नक्की कुठलं ते सांगते, कारण नर्सरीत या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक ते लाल-गुलाबी फुलांचे गुच्छ येणारं शोभेचं. आणि एक वासाचं, ज्याची फुलं अगदीच किरकोळ असतात पण पान चुरगळलं की गुलाब, लिंबू नाहीतर पुदिन्यासारखा वास येतो. दोन्ही खरं तर पेलार्गोनियम आहेत. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये सगळ्यांना जिरेनियमच म्हटलं होतं, पुढे १७८९ मध्ये ही मंडळी वेगळी काढली गेली, पण तोपर्यंत जुनं नाव तोंडात बसलेलं. पेलार्गोस म्हणजे ग्रीकमध्ये करकोचा, याच्या फळाला लांब चोचीसारखं टोक असतं म्हणून ते नाव. हे सांगायचं कारण एवढंच की यातली बहुतेक झाडं मूळची दक्षिण आफ्रिकेची, पाणी झटकन वाहून जाईल अशा जागी वाढणारी. खोड जरा गुबगुबीत, त्यात स्वतःचा पाण्याचा साठा. पानावर लव असते, त्या लवेत ओलावा अडकून बसतो. आता अशा झाडाच्या फांदीला चिंब कोकोपीट आणि वर प्लॅस्टिकची टोपी म्हणजे कुणाला ओल्या कपड्यांवर रेनकोट घालून बसवण्यासारखं झालं.

नर्सरीवाले 'मच्छर प्लांट' म्हणून जे विकतात तेही बरेचदा लिंबासारख्या वासाचं असंच एखादं जिरेनियम असतं. छान झाड आहे, घ्या, पण नुसतं खिडकीत ठेवल्याने डास जात नाहीत हो. घरात मांजर किंवा कुत्रा पानं चावणारा असेल तर मात्र कुंडी उंचावर ठेवा, त्यांना ते बाधतं.

कधी लावायच्या हा प्रश्न कशा लावायच्या याच्या आधीचा आहे. माझा हिशोब सोपा, तुळशीचं लग्न झालं की सुरू आणि फेब्रुवारी संपताना बंद. पाऊस गेलेला, ऑक्टोबरची काहिली उतरलेली, दिवसा ३० डिग्रीच्या आसपास आणि रात्री गारवा, यात जिरेनियम आणि रोजमेरी दोन्ही खूश. पुदिना आणि पानओव्याला काही मुहूर्त लागत नाही, कडक उन्हाळा सोडून कधीही लावा. परदेशात असाल, म्हणजे इंग्लंड वगैरे, तर उलटं गणित आहे, तिकडे ऑगस्टमध्ये कटिंग घेऊन थंडीभर घरात खिडकीच्या कट्ट्यावर सांभाळायच्या कारण बाहेर बर्फात मोठं झाड जातं.

सामान फार लागत नाही. धारदार ब्लेड किंवा कटर, हँड सॅनिटायझर किंवा स्पिरिट पुसायला, कोकोपीट, जाड वाळू, आणि दह्याच्या रिकाम्या डब्या किंवा कागदी कप. डबीला खाली चार-पाच भोकं पाडा, स्क्रू-ड्रायव्हर गरम करून पटकन होतात, आणि एकच भोक पाडून समाधान मानू नका. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवली की ते पाणी टाकून द्या आणि अजून दोनदा धुवा कारण त्यात क्षार असतात, हे कुणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात पानांच्या कडा का जळल्या. धुतल्यावर मी वरून उकळतं पाणी ओतते आणि गार होऊ देते, बुरशी आणि चिलटांची अंडी दोन्हीचा बंदोबस्त. वाळू बांधकामाची चालेल पण चाळून, बारीक भुकटी काढून, धुवून घ्या. समुद्रावरची नको. परलाईट (हलके पांढरे खडे) मिळालं तर उत्तमच, नसेल तर विटांचा चुरा.

खत घालायचं नाही. शेणखत नाही, गांडूळखत नाही, किचनमधलं केळ्याच्या सालीचं पाणी तर अजिबात नाही. ज्याला मुळंच नाहीत ते खाणार कुठून, उलट त्या खतावर बुरशी वाढते आणि कापलेल्या जागेतून आत शिरते.

आता जिरेनियमची काडी. सकाळी घ्या, झाड तेव्हा टवटवीत असतं. आदल्या दिवशी आईझाडाला पाणी घातलेलं असू दे. फांदी कुठली घ्यायची? शेंड्याची, पण एकदम लुसलुशीत हिरवी नको आणि खाली लाकूड झालेली तपकिरीही नको, मधली, वाकवली तर लवचीक पण जरा दम असलेली. त्यावर फूल किंवा कळी असेल तर खुडून टाका, नाहीतर ती काडी मुळं सोडून फुलाच्याच नादी लागते. लांबी चार बोटं ते वीतभराच्या निम्मी, म्हणजे ८ ते १० सेंटीमीटर. कापायचं पेराच्या जस्ट खाली, पेर म्हणजे जिथून पान निघतं तो गाठीसारखा भाग. मुळं बहुतेक तिथूनच फुटतात. शेंड्यात जे ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं ते खाली उतरत येतं आणि कापलेल्या टोकापाशी साठतं, तेच मुळं काढायला लावतं, म्हणून काडी उलटी खोचली तर मुळं फुटत नाहीत (हसू नका, पानं काढून टाकल्यावर वरचं-खालचं खरंच कळत नाही, मी रोजमेरीत केलंय हे).

खालची पानं काढून टाका, वर दोन-तीनच ठेवा. पान मोठं असेल तर कात्रीने अर्धं करा, कारण पानातून पाणी उडत राहतं आणि खालून भरून यायला मुळं नाहीत. अजून एक बारीक काम, देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना छोटी टोकदार खवल्यांसारखी पानं असतात, उपपर्णं म्हणतात त्यांना, ती नखाने काढून टाका. मातीत गेली की आधी तीच कुजतात आणि मग त्यांच्यामागून खोड.

यानंतर नवीन माणसाला सगळ्यात अवघड जाणारी पायरी, काडी लावायचीच नाही. कागदावर पसरून सावलीत ठेवून द्या, निदान तीन-चार तास, मी तर संध्याकाळी कापल्या असतील तर रात्रभर ठेवते. पानं जरा मलूल होतात, जीव खालीवर होतो, होऊ दे. तेवढ्यात कापलेलं टोक कोरडं पडून त्यावर खपली धरते आणि सडण्याचा निम्मा धोका तिथेच जातो. हळद, दालचिनी, मध, कोरफड असलं बरंच काही लोक लावतात, जिरेनियमला यातलं काहीही लागत नाही. मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग पावडरही नाही.

मिश्रण अर्धं कोकोपीट अर्धी वाळू. ओलं किती? मुठीत दाबलं तर लाडवासारखा गोळा बसला पाहिजे पण बोटांतून थेंब पडता कामा नये. पेन्सिलने आधी भोक पाडा, मग काडी घाला, नुसती ढकलली तर खपली निघते. एक किंवा दोन पेरं आत जातील इतकंच, बाजूने बोटाने दाबा. एका डबीत एकच काडी. चार एकत्र लावल्या तर एक सडली की बाकीच्या तिच्यासोबत सती जातात.

वर झाकण, पिशवी, बाटली काही नाही. भरपूर उजेड पण दुपारचं ऊन नाही. आणि पाणी? लावल्या दिवशी डबी बशीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून खालून पिऊ दे, बाहेर काढून निथळू दे, आणि मग पाच-सहा दिवस हात लावू नका. नंतर डबी उचलून बघायची सवय करा, भिजल्यावर किती जड होती ते हाताला लक्षात राहतं, हलकी लागली की परत बशी. वरून शिंपडणं, स्प्रे मारणं बंद. आमच्याकडे सासूबाई येता-जाता प्रेमाने तांब्याभर पाणी घालायच्या, शेवटी मी डब्या फ्रीजवर नेऊन ठेवल्या.

खालचं एखादं पान पिवळं पडून गळेल, ते ठीक आहे. तीन ते चार आठवड्यांत शेंड्याला नवीन पान हललं की समजा खाली काहीतरी चाललंय. खात्री करायला काडी अगदी हलकं वर ओढून बघा, धरून ठेवल्यासारखी वाटली तर मुळं आली. उपटून मात्र बघू नका, नवीन मुळं काचेसारखी असतात. खोड बुडापासून काळं, मऊ होत वर चढत असेल तर ती काडी गेली, वाचवायचा प्रयत्नसुद्धा करू नका, मातीसकट टाकून द्या आणि डबी साबणाने धुवा. फार तर वरचा शेंडा अजून कडक हिरवा असेल तर काळ्यापासून दोन बोटं वर कापून, ब्लेड पुसून, नव्याने खपली धरू देऊन लावता येतो. माझ्या दोन-तीन वाचल्यात अशा.

आता बाकीची मंडळी, आणि यातल्या बहुतेकांना वरचे नियम लावायचे नाहीत.

पुदिना म्हणजे बिगरीचा धडा. बाजारातल्या जुडीतून जरा जाड, ताज्या काड्या निवडा, खालची पानं चटणीला, काडी पाण्यात, निदान एक पेर बुडालेलं पाहिजे पण पान बुडता कामा नये. पाणी एक दिवसाआड बदला. आठवड्याच्या आत मुळं दिसतात. ती बोटभर होईपर्यंत वाट बघत बसू नका, इंचभर झाली की लगेच मातीत, कारण पाण्यात फार दिवस राहिलेली मुळं मातीत गेल्यावर रुसतात. पुदिन्याला खोल कुंडी नको, पसरट हवी, तो आडवा धावतो. आणि दुसऱ्या कुणाच्या कुंडीत लावू नका, चार महिन्यांत तोच मालक होतो.

तुळशीचंही पाण्यात जमतं, इटालियन बेसिलचंही, आठ-दहा दिवस धरा. अट एकच, मंजिरी न आलेली कोवळी फांदी. सगळ्या फांद्यांना मंजिऱ्या असतील तर आधी त्या खुडा, दोन-तीन आठवड्यांनी बाजूने नवीन फुटवा येईल तो घ्या. आमच्या आजीच्या राज्यात द्वादशीला तुळस तोडायची नाही आणि संध्याकाळी तर झाडाला हातही नाही, तेव्हा घरात कुणी मानणारं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कापा, एका दिवसाने काही बिघडत नाही.

पानओवा, म्हणजे ज्याची भजी करतो ती जाड मखमली पानं, हे झाड मरायला तयारच नसतं. फांदी तुटून कुंडीबाहेर पडली तरी तिथे मुळं धरते. याला जिरेनियमसारखंच वागवा, तासभर सुकवून कोरडसर मातीत. ओव्याच्या वासाचं असलं तरी मसाल्यातला ओवा याचा नव्हे बरं का, त्याचं झाड शेपूसारखं बारीक पानांचं आणि ते बियांपासूनच येतं. मरवाही सोपा, गजरेवालीकडे मुळासकट किंवा जरा लांब देठाचा ताजा मिळाला तर शेंडे लावून बघा. ओरेगानो आणि थाईमच्या काड्या इतक्या नाजूक की कापण्यापेक्षा दाब देणं बरं, म्हणजे लांब फांदी कुंडीतच आडवी मातीवर टेकवायची, वर छोटा दगड ठेवायचा, महिन्याभराने मुळं धरली की मधून कापून वेगळी करायची. यात अपयश येणं कठीण आहे कारण फांदीला आईकडून जेवण चालू असतं.

रोजमेरी मात्र परीक्षा बघते. (हिचं नावही आता बदललंय, २०१७ मध्ये तिला साल्व्हियात, म्हणजे सेजच्या गटात टाकलं, पण नर्सरीवाल्याला हे सांगून उपयोग नाही.) सुपरमार्केटमधलं पाकीट ताजं, कडक, काळे डाग नसलेलं असेल तर त्यातल्याही काड्या चालतात, पण झाडावरची केव्हाही चांगली. या वर्षीची नवी वाढ घ्या, ७ ते १० सेंटीमीटर, खालच्या दोन तृतीयांश भागाची सुईसारखी पानं खालून वर न ओरबाडता हळूच काढा. इथे रूटिंग पावडरचा खरंच फरक पडतो. सेंटीमीटरभर टोक पावडरीत टेकवा, झटका, जास्तीची उडू दे, जाड थर बसला तर उलट नुकसान. मिश्रणात वाळू जरा जास्त. हिला खपली वगैरे धरू द्यायची नाही, कापली की लगेच लावायची, आणि पहिले दोन आठवडे सैल प्लॅस्टिक पिशवी वर चालते, रोज थोडा वेळ काढून हवा खाऊ द्यायची. मग विसरून जा. चार आठवडे, सहा आठवडे, कधी आठसुद्धा. हिरवी आहे म्हणजे जिवंत आहे असंही नाही, मेलेली रोजमेरी महिनाभर हिरवी दिसते, हा तिचा खास गुण. दहा लावल्या तर चार आल्या की मी पेढे वाटते. लव्हेंडरबद्दल मी काही बोलणार नाही, आमचं जमत नाही.

आणि काहींच्या मागे कटिंगसाठी लागूच नका. कोथिंबीर, शेपू एका हंगामाची, बी टाका आणि मोकळे व्हा. दवणाही बियांपासूनच लावतात. गवती चहाची पात पाण्यात ठेवून काही होत नाही, त्याचा ठोंब फोडून मुळासकट दोन-तीन काड्या वेगळ्या लावायच्या. कढीपत्त्याची फांदी क्वचितच धरते, त्यापेक्षा मोठ्या झाडाखाली जे फुटवे येतात त्यातला एक मुळासकट काढून आणा, किंवा पिकून काळं झालेलं फळ चोळून बी ताजं ताजं पेरा, वाळवून ठेवलं की उगवण जाते.

मुळं आल्यावर घाई होते सगळ्यांची. डबीच्या भोकातून मूळ डोकावलं की तीन-चार इंची कुंडीत हलवा, एकदम बारा इंची कुंडीत नको, एवढ्या मातीतलं पाणी छोटं रोप पिऊ शकत नाही आणि परत तीच सडण्याची कहाणी. मातीत आता थोडं गांडूळखत चालेल, चार भाग मिश्रणाला एक भाग. दोन-तीन दिवस सावली, मग सकाळचं तासभर ऊन, दर दोन दिवसांनी थोडं वाढवत न्या. सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा. जीवावर येतं पण न खुडलेलं जिरेनियम एका काठीवर टेबलफॅनसारखं वाढतं. खुडलेला शेंडा टाकू नका, तीच पुढची कटिंग, आणि पानं साखरेच्या डब्यात आठवडाभर पुरून ठेवा, गुलाबाच्या वासाचं असेल तर त्या साखरेचा चहा नको पण लिंबूसरबत करून बघा. फवारणी केलेल्या नर्सरीच्या झाडाची पानं मात्र खायला घेऊ नका, घरी वाढलेली नवीन पानं येईपर्यंत थांबा.

नाव आणि तारीख लिहून डबीत खोचा, पेन्सिलने, शाई उडते. लिहिलं नाही तर रोजमेरी कधी लावली हे आठवत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळून उपटली जाते. फांद्या कुठून आणायच्या तर मागून. मनीप्लँट चोरूनच आणावा लागतो म्हणतात, पण नर्सरीतल्या झाडाची फांदी मोडून पर्समध्ये टाकू नका हो, त्यांचं पोट आहे त्यावर. प्रवासातून आणायची असेल तर पुदिना, तुळस ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि जिरेनियम कोरड्या. प्लॅस्टिकमध्ये घालून गाडीच्या डिकीत ठेवलं तर घरी पोचेपर्यंत भाजी झालेली असते.

आता परत त्या जूनकडे. सपाटीवरच्या पावसात जिरेनियमचं मोठं झाडसुद्धा बुडापासून जातं, हे फक्त गॅलरीतलं दुखणं नाही. तेलासाठी जे शेतकरी लावतात त्यांचीही हीच डोकेदुखी, कारण त्या जातींना बी जवळजवळ धरत नाही, सगळी लागवड कटिंगवर, आणि आईझाडं पावसाळ्यात गेली की पुढच्या हंगामाला काड्या आणायच्या कुठून. लखनौच्या सीमॅप या औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेने याच्यासाठी कमी खर्चाचं प्लॅस्टिकच्या आडोशाचं तंत्र काढलं, वरून पाऊस अडवायचा आणि बाजूने हवा खेळती ठेवायची. आपल्या गॅलरीत तेच करायचं. मे संपायच्या आत कुंडी पावसाची झड येणार नाही अशा भिंतीलगत सरकवा, खालची ताटली काढून टाका, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा आणि पाणी अगदी बेताचं. आणि फेब्रुवारीत लावलेल्यातलं एक रोप शेजारी देऊन ठेवा. माझं आईझाड परवाच्या पावसाळ्यात गेलंच, मग नोव्हेंबरमध्ये समोरच्या काकूंकडे वाटी घेऊन साखर मागायला जावं तशी ब्लेड घेऊन गेले, त्यांचं झाड माझ्या झाडापेक्षा दुप्पट झालं होतं.